घेतला म्हणजे जायचं

हसा, हसा. काल रात्री सर्व्हर बिघडल्याचा अलार्म मोबाइलवर वाजला, हिनं झोपेतच 'घेतला'चं बटण दाबलं आणि कूस बदलली. केवढा पराक्रम! नाही पोरी, तुला रागवत नाही. सर्व्हर सकाळपर्यंत तगला, तुझं नशीब. पण तो चहाचा कप खाली ठेव. आणि ती वरची ट्यूब बंद करा रे कुणीतरी, डोळ्यांवर येते. नुसत्या स्क्रीनचा उजेड पुरे.

डुलक्याची गोष्ट सांगतो. माझ्याच हाताखाली होता. खुर्चीत बसल्या बसल्या पेंगायचा म्हणून डुलक्या, बाकी कामाला वाघ. आणि त्या वेळी आमचे मास्तर होते. म्हणजे या धंद्याची बाराखडी आम्हा सगळ्यांकडून ज्यांनी गिरवून घेतली ते. त्यांचा एकच नियम. "कुणी एकानं 'घेतला' दाबलं, की यंत्रणा दुसऱ्या कुणाला उठवत नाही. बाकीचे निर्धास्त झोपतात. तेव्हा घेतला म्हणजे जायचं. अनवाणी जावं लागलं तरी जायचं." आणि विजेच्या दारावर या माणसाचा काडीचा विश्वास नाही. खिशात लाकडाची पाचर असायची. सर्व्हर रूममध्ये शिरले की आधी ती दाराखाली ठोकायची, मग काम.

एका रात्री तिथला एसी बंद पडला. मास्तर एकटे आत. छातीत कळ आली असणार, कारण त्यांनी मदतीचा अलार्म सोडला. तो डुलक्याला गेला. डुलक्यानं झोपेतच 'घेतला' दाबलं...

आणि कूस बदलली.

यंत्रणेला वाटलं, माणूस निघाला. तिनं दुसऱ्या कुणाला उठवलंच नाही. सकाळी मास्तर शेवटच्या रांगेत सापडले. दार उघडंच होतं, पाचर लावलेली. त्यांचा डबा, चष्मा आणि ती पाचर मीच वहिनींच्या हातात दिली. डुलक्या तेव्हापासून हसला नाही. त्याला कोणी बोललं नाही, हेच त्याला सोसवेना.

मग साहेबांना सुधारणेचा झटका आला. दार उघडं ठेवायचं नाही, नवं कुलूप बसवा, कार्डावर चालणारं. आणि शहाणपणा बघा, त्या कुलपाचा आणि एसीचा सगळा कारभार ठेवला कुठं? त्याच खोलीतल्या एका सर्व्हरवर! म्हणजे किल्ली तिजोरीत ठेवून तिजोरी लावायची. शिवाय मास्तरांचं नाव ड्यूटीच्या यादीतून कुणी काढलं नाही. रात्रीचे बॅकअप त्यांच्याच खात्यावरून चालायचे. नाव काढलं की ते बंद पडणार. राहू दे म्हणाले, नंतर बघू. तुम्हीही हेच म्हणता, मी ऐकलंय.

तर मागच्या वर्षी, चोवीस नोव्हेंबर, रात्री पावणेदोनचा सुमार. डुलक्या त्याच कुलपाच्या सर्व्हरची एक बिघडलेली डिस्क बदलायला तळघरात उतरला. पाच मिनिटांचं काम. कार्ड लावलं, आत गेला, मागं दार लागलं. डिस्कची जोडी होती, एक मेलेली, एक धडधाकट. त्यानं ओढली... ती धडधाकट.

होतं असं. झोपेच्या माणसाकडून तर होतंच. त्यानं ती घाईघाईनं परत बसवली, पण सर्व्हर काही उठेना. एसीचा आवाज थांबला. बाकीच्या रांगा मात्र चालू, भट्टीसारख्या. डुलक्यानं दाराचं बटण दाबलं. परत दाबलं. खांदा मारला, खुर्ची आपटली. पोलादी दार ते, त्याला काय होतंय! तळघरात मोबाइलला रेंज नाही. आणि आतलं वायफाय त्याच सर्व्हरवर.

मला म्हणाला, "काका, आधी माझं मलाच हसू आलं." कारण भिंतीवर अलार्मचा स्क्रीन होता, तो वेगळ्या लाइनीवर. अलार्म गेलेला दिसत होता. पहिला त्याला स्वतःला. त्यानं नाही घेतला, तर मास्तरांना. त्यांचा नंबर बंद, म्हणजे थोड्या वेळानं साहेबांना. साहेब समोरच्याच गल्लीत राहायचे. फक्त दम धरायचा.

शर्ट काढला. जमिनीला गाल लावून पडून राहिला. श्वास घेतला की छाती पोळायची. जीभ टाळ्याला चिकटलेली. नजर स्क्रीनवर.

अलार्म मास्तरांकडे गेला.

आता साहेबांकडे जाईल. जाईल आता.

स्क्रीन बदलला.

'घेतला — मास्तर.'

...

काय कळलं? आता साहेबांना फोन जाणार नव्हता. कुणालाच जाणार नव्हता. सगळं गाव निर्धास्त झोपणार होतं.  डुलक्या दाराला पाठ लावून बसला, अगदी न हलता. आणि त्या खोलीतले दिवे माणूस हलला तरच लागतात.

दिवे गेले.

काळोख. नुसती घरघर. आणि तो उकाडा.

मग शेवटच्या रांगेतला दिवा लागला.

डुलक्या हलला नव्हता.

तो दिवा गेला. अलीकडच्या रांगेतला लागला. कुणी घाई करत नव्हतं. मग त्याच्याही अलीकडचा...

त्यानं डोळे मिटले. पापण्यांवर उजेड आला. अगदी जवळ कुणीतरी उभं होतं. धाप लागल्यासारखा श्वास.

"मास्तर..." डुलक्या म्हणाला. "मी झोपलो होतो हो... मी झोपलो होतो."



"मास्तर?"

...

पाठीमागचं दार उघडलं. तो मागच्या मागं जिन्यात पडला. अंगावर गार हवा आली आणि तो लहान मुलासारखा रडला.

सकाळी पहिला मीच पोचलो. डुलक्या पायरीवर बसलेला, दार सताड उघडं. कुलपाची जीभ मात्र पुढंच होती, बंद दाराला असते तशी. मी वहिनींकडे गेलो. त्यांनी कपाट उघडलं. डबा होता. चष्मा होता.

डुलक्यानं त्याच आठवड्यात नोकरी सोडली. आता दिवसाच्या शाळेत गणित शिकवतो. मी विचारलं, "अजून भीती वाटते का रे?" तर म्हणाला, "भीती नाही, काका. लाज वाटते. मी त्यांच्यासाठी उठलो नाही, आणि ते माझ्यासाठी उठले."

अरे, कुणाचा वाजतोय? तुझाच ना, पोरी? दाबलंस 'घेतला'? बघू. तळघरातलाच आहे.

जा मग, ऊठ. थांब, जाताना हे घेऊन जा, माझ्या खिशातच असतं. दार उघडलं की आधी हे खाली ठोकायचं. त्या सकाळी दाराखाली लावलेलं होतं, मीच काढलं. तेव्हापासून माझ्याकडे आहे. हो, त्यांचीच पाचर. काय झालं? हात का मागे घेतलास?

मला ठाऊक आहे. वर्ष झालं.

अजून तशीच गरम आहे.