आधारचाल

मिरजेच्या तोलकेंद्रात सकाळच्या सरावाला येणारी माणसे स्वतःच्या चालीने चालत नसत. अंगणातल्या फरशीवर आखलेल्या पट्ट्यांवरून ती अनवाणी जात, तेव्हा कुणाच्या पायांत अनोळखी पोस्टमनची लगबग असे, तर कुणाच्या पायांत कधीही न पाहिलेल्या नर्तकीचा ठेका. बाळगोंडा मगदूम या चित्रकलेच्या शिक्षकांचा उजवा खांदा दर पावलाला किंचित वर उचलला जाई. ही लकब त्यांची नव्हती.

मगदूम गुरुजींचा लहान मेंदू झिजत चालला होता. डोक्याच्या मागच्या भागातला हा अवयव स्नायूंना ताकद देत नाही. कोणत्या स्नायूने नेमक्या कोणत्या क्षणी काम सुरू करायचे आणि कधी थांबायचे, हा काळाचा हिशेब तो सांभाळतो. तो झिजला की ताकद शाबूत राहते आणि तोल जातो. पेला तोंडापर्यंत येईतो निम्मा सांडतो. गेलेल्या पेशी परत आणता येत नाहीत. उरलेल्या पेशी मात्र व्यायामाने शिकतात, आणि शिकतात त्या चुकांमधूनच. पण चुका फार झाल्या तर त्यांतून काहीच शिकता येत नाही. यावर निघालेल्या उपायाला आधारचाल म्हणत. निरोगी दात्याच्या चालण्यातला काळाचा हिशेब टिपून ठेवायचा आणि कानामागे बसवलेल्या पट्टीतून तो चालताना रुग्णाच्या मेंदूला पुरवायचा. स्लॅबखाली सेंट्रिंग लावतात, तसेच हे. काँक्रीट ओले असते तोवर भार सेंट्रिंगने घ्यायचा. ते घट्ट झाले की सेंट्रिंग काढायचे.

अंगणाच्या कडेच्या बाकावर रोज एक म्हाताऱ्या बाई येऊन बसत. आक्काताई लोंढे त्यांचे नाव. त्यांचा कोणीही नातलग तिथे उपचार घेत नव्हता. त्यांचा मुलगा सर्जेराव लायनमन होता. खांबावर चढणाऱ्या माणसांचा तोल चांगला, म्हणून केंद्राने त्याची चाल टिपून घेतली होती. पुढे तो काविळीने तडकाफडकी गेला. दात्याचे नाव कोणालाही कळू द्यायचे नाही असा नियम होता. पण नियम करणाऱ्यांनी माणसे नावाने आणि चेहऱ्यानेच ओळखली जातात असे गृहीत धरले होते. आक्काताई शेजारच्या दवाखान्यात डोळे तपासायला आल्या, तेव्हा कुंपणापलीकडे त्यांना तो खांदा दिसला. तारेची वेटोळी वाहून वाहून सर्जेरावला जडलेली ती उचल होती. त्या फाटकातून सरळ आत आल्या.

हे त्यांनी गुरुजींना सांगितले. दुसऱ्या दिवसापासून गुरुजी बाकासमोरून जास्त फेऱ्या घालू लागले. ते टेकायला थांबले की आक्काताई टोमणा मारत, “लायनमन असा दमला तर गाव अंधारात बसंल की.” गुरुजी हसत आणि पुन्हा उठत.

घरी निराळेच होते. जिन्यात पावले वाजली की पद्मावतीबाई, गुरुजींच्या पत्नी, नकळत पदर सावरत. परका पुरुष वर येतो आहे असेच त्यांना वाटे. तुमची स्वतःची पावले कधी ऐकू येणार, असे त्यांनी एकदा विचारले होते.

केंद्राच्या प्रमुख डॉ. शर्वरी कित्तूर यांनी आधार कमी करण्याची वेळ आल्याचे सांगितले, तेव्हा गुरुजींनी दिवाळीपर्यंत मुदत मागितली.

“का? काही त्रास होतो आहे का?”

“मला नाही,” गुरुजी म्हणाले आणि त्यांनी बाकाकडे पाहिले.

डॉक्टरांनी त्यांना समोर बसवून समजावले. सेंट्रिंग महिनाभर जास्त ठेवले म्हणून स्लॅबचे काही बिघडत नाही, मेंदूचे बिघडते. आयता हिशेब मिळत राहिला तर उरलेल्या पेशी शिकणे सोडून देतात. आजार मात्र थांबणार नाही. मग स्वतःची चाल बसलेली नसेल आणि दुसऱ्याची पेलवणार नाही.

“म्हणजे तुमची दया तुम्हालाच अंथरुणाला खिळवील,” त्या म्हणाल्या.

गुरुजींनी ते आक्काताईंच्या कानावर स्वतःच घातले. त्या हातातल्या पिशवीचा बंद गुंडाळत राहिल्या.

“एकदम जातंय, का हळूहळू?”

“हळूहळू, आक्का.”

“मग बरं. त्यो तर एकदमच गेला हुता.”

त्यानंतर आधार थोडा थोडा उतरवला गेला. खांद्याची उचल ओसरत गेली आणि तिच्या जागी दोन्ही पाय फाकून, जपून टाकलेली पावले आली. ती दिसायला बेढब होती, पण गुरुजींची होती. पद्मावतीबाई जिन्याच्या वरच्या पायरीवर उभ्या राहून ती ऐकत. आक्काताईंचे येणे चुकले नाही. ज्या दिवशी कानामागच्या पट्टीवाचून पहिली पूर्ण फेरी झाली, त्या दिवशी बाकासमोर आल्यावर गुरुजींनी मुद्दाम उजवा खांदा उचलला. त्यासरशी त्यांचा तोल गेला. सोबत चालणाऱ्या सेविकेने त्यांना सावरले.

“नगा, गुरुजी,” आक्काताई म्हणाल्या. “त्येला कधी उचलावा लागत नव्हता.”

मग त्या उठून डॉक्टरांच्या खोलीत गेल्या. मुलाची चाल आता पुसून टाकणार का, एवढेच त्यांनी विचारले. पुसत नाहीत, जपून ठेवतात, असे कळल्यावर त्या समोरच्या खुर्चीवर बसल्या.

“मग ती माझ्यात घाला.”

ती पट्टी केवळ रुग्णांसाठी असते, हे डॉक्टरांनी त्यांना सांगितले. निरोगी मेंदूला हा हिशेब चुकीचाच वाटतो. तो झगडतो, माणूस पडतो, आणि या वयात मांडीचे हाड मोडले तर ते सहज जुळत नाही. नेटाने सराव केला तर तो हिशेब कदाचित बसेलही. “पण मग तुमचा स्वतःचा पुसला जाईल, आक्का,” त्या म्हणाल्या. “तुमची चाल तुम्हाला पुन्हा कधीही मिळणार नाही.”

आक्काताईंनी सगळे नीट ऐकून घेतले. मग मान वळवून कानामागचे पांढरे केस बोटांनी बाजूला सारले.

“माझं चालून झालंय, बाई.”