शिंपलबेटाचं खिंडार

दुपारी सव्वाबारा वाजता, अमावास्येच्या उधाणात, शिंपलबेटाचा बांध फुटला.

शिंपलबेट हे रोधक बेट (किनाऱ्याला समांतर, लाटा अंगावर घेणारी वाळूची पट्टी). त्यावरचा वाळूचा बांध कुर्ली सांभाळायची. कुर्ली म्हणजे खेकड्याच्या आकाराचं, उन्हावर चालणारं यंत्र. तिला शिकवलं होतं सातवीतल्या जुईली तांडेलने : भोक दिसलं की बुजव, वर गवत लाव. कुर्लीने आजवर एकही भोक सोडलं नव्हतं.

तरी एक कोडं जुईलीला सुटत नव्हतं. बांध धडधाकट, बेटावर माणसांना मज्जाव. मग चिखल्या पक्षी अंडी घालायला का येईनात?

"कुर्ली, चल. बुजवायचंय," होडीतून उडी मारत ती म्हणाली.

"थांब गं," स्नेहलआत्या म्हणाली. ती किनाऱ्यांची शास्त्रज्ञ. "आधी बघ तरी, पाणी काय करतंय."

खिंडारातून शिरलेली लाट पलीकडे पसरली, मंदावली, गढूळ झाली.

"बांधावर आपटलेली लाट जाताना वाळू ओढून नेते," आत्या म्हणाली. "हे मात्र ओलांडपाणी (बेट ओलांडून मागे पसरणारं पाणी). वेग कमी झाला की त्याला वाळूचं ओझं पेलत नाही, ते तिथेच टाकतं. बेट असंच उंच नि रुंद होतं."

"आणि चिखल्या?"

"त्यांची ठिपकेदार अंडी उघड्या वाळूत, शिंपल्यांत दिसतच नाहीत. पण गवतात दबा धरलेलं मुंगूस चिखलीला लांबून कसं दिसणार?"

जुईली पायाने वाळू उकरत राहिली. "म्हणजे मीच हाकललं त्यांना."

"सगळ्या गावाने टाळ्या वाजवल्या होत्या."

"बुजवलं मात्र छान होतं," कुर्ली म्हणाली.

खिंडार तसंच ठेवलं. आठवड्याभरात एक जोडी आली. ताज्या वाळूत तीन अंडी दिसली, नेमकी खिंडारासमोर.

मग पौर्णिमा आली. भरती चढू लागली तशी जुईली एका जागी ठरेना.

"आत्या, बुजवू या ना. फक्त आजच्यापुरतं."

"बुजवलंस तर ही तीन वाचतील. वाळू यायची थांबेल, गवत परत माजेल."

"आणि नाही बुजवलं तर?"

"ठाऊक नाही. अंडी गेली तर चिखली पुन्हा घालते, जागा असेल तर."

पलीकडे दुसरी एक चिखली छातीने वाळूत खळगा करत होती.

"भरू का?" कुर्लीने नांगी उचलून विचारलं.

जुईलीने पाण्याकडे पाहिलं, मग त्या खळग्याकडे. "नको," ती म्हणाली, आणि कुर्लीची नांगी हाताने खाली दाबून धरली.

दुपारी बारा वीसला पाणी अंड्यांपासून दोन हातांवर होतं. भरती अजून पुरी व्हायची होती. चिखली घरट्यावरून उठलेली नव्हती.