फोर्तुनातोच्या मोटरसायकलचं पुढचं चाक

"आज एक नोव्हेंबर. मेलेले आज घरी येतात. घाटात गाडी घालू नका, बसा," कासियानो काका म्हणाले. डोंगरातल्या कारानावी गावच्या स्टँडवरचे तरुण ड्रायव्हर कोकाची पानं चघळत काकांच्या दुकानात शिरले.

"काका, गोष्ट भुताची की टायरची?"

"तुझे टायर बघता, एकच झालं की रे!"

सगळे हसले. काका स्वतः हसले नाहीत.

"फोर्तुनातो माझा शेजारी. तीन वर्षं झाली, हीच रात्र..."

फोर्तुनातोचं पंक्चरचं दुकान होतं. गुळगुळीत टायरवर तापल्या पात्याने नव्या खाचा कोराव्यात तर त्यानेच. तपासणीवालेही फसायचे. त्या वर्षी मे महिन्यात ड्रायव्हर इलारियोनच्या गाडीचा असाच टायर फुटला आणि त्याच्यासकट नऊ माणसं दरीत गेली. तो टायर आतली तार लागेपर्यंत कोरला होता, हे एकट्या फोर्तुनातोला ठाऊक होतं. पोलिसांना तो म्हणाला, "टायर चांगला होता. इलारियोन प्यायला होता."

इलारियोनची बायको बासिलिया दुकानासमोर येऊन उभी राहायची. "खरं सांगा, उस्ताद. माझ्या पोरांना लोक खुन्याची पोरं म्हणतात."

"आणि दुकानाला कुलूप लागलं तर माझ्या पोरांनी काय खायचं?"

मग एक नोव्हेंबरच्या त्या रात्री अकरा चाळीसला फोन आला. टायर बसलाय, घाटातल्या सातव्या वळणावर या. त्याने पंप आणि जॅक मोटरसायकलला बांधले आणि तो निघाला.

वळणावर पांढरी गाडी होती. दिवे बंद. आत माणसं.

"कुठला टायर?"

अंधारातल्या ड्रायव्हरने बोट दाखवलं. मागचा, डावा.

फोर्तुनातो गुडघ्यावर बसला. खाचांवरून अंगठा फिरवला. खाचा त्याच्याच हातच्या... मग तार टोचली.

"कसा आहे टायर, उस्ताद?"

आवाज इलारियोनचा.

फोर्तुनातोने वर पाहिलं. काचेला आठ तोंडं चिकटलेली. काचेवर वाफ नव्हती.

"सांगा ना..."

जीभ सवयीने वळली.

"चांगला... चांगला आहे."



मग ड्रायव्हरने पंप उचलला. मोटरसायकलच्या पुढच्या चाकाशी वाकला. हवा भरू लागला. सावकाश...

"पहाटे पायी माझ्या दारात आला," काका म्हणाले. "सगळं सांगितलं. म्हटलं, ऊठ, पोलिसांकडे जाऊ. तर म्हणतो, दुकान जाईल. तिसऱ्या दिवशी त्याच वळणाखाली दरीत मेलेला सापडला. मग मीच जाऊन सांगितलं. बासिलियाच्या पोरांना आता कुणी काही बोलत नाही."

"आणि मोटरसायकल?"

काकांनी कोपऱ्यातली ताडपत्री ओढली.

"वळणावर उभी होती, मीच आणली. उभ्या गाडीचीही हवा उतरते. हिला तीन वर्षांत पंप लागलेला नाही. पुढच्या वॉल्व्हची हवा अडवणारी पिनसुद्धा मी काढून ठेवलीय. दाबून बघ."

विचारणाऱ्या ड्रायव्हरने पुढच्या चाकावर अंगठा दाबला.

चाक दगडासारखं टणक होतं.