पुलापलीकडून फोन

आईच्या ऑफिसात खेळ खेळतात, हे टकळीने वर्गात सांगितलं तेव्हा कोणाचाच विश्वास बसला नव्हता. बसणार तरी कसा? विद्यापीठाच्या जुन्या विज्ञान इमारतीचा वरचा मजला, दारावर 'आंतरराष्ट्रीय सुरक्षा आणि विज्ञान धोरण संशोधन केंद्र' अशी एका दमात वाचली तर धाप लागेल अशी पाटी. आत करड्या गालिच्याचा लांबच लांब बोळ, भिंतींवर नकाशे, आणि अणुभट्ट्या, रोगजंतू, उपग्रह असल्या विषयांवर दिवसभर हळू आवाजात बोलणारी माणसं. खिडक्या सगळ्या उत्तरेला. भर दुपारीही दिवे लावावे लागत, आणि दिवे लावूनही तिथे उजेड असा काही पडत नसे.

पण खेळ होता, तो खराच होता. दरवर्षी एकदा शास्त्रज्ञ, सरकारी अधिकारी, निवृत्त राजदूत अशी बडी मंडळी लांब टेबलाभोवती बसत आणि कुठल्याच नकाशात नसलेले दोन देश चालवून बघत. संकट कोणतं घडणार, ते आई लिहायची. यंदा तिने दोन देशांच्या मधोमध एक नदी घातली होती. काठावर प्रयोगशाळा, तिच्यातून विषारी वायू सुटलेला. शेजारी एक गाव, आणि गावाबाहेर पडायला एकच पूल. पूल उघडला तर गाव वाचेल, पण पलीकडचा देश म्हणेल की विष लागलेली माणसं आमच्या अंगावर ढकललीत, आणि महत्प्रयासाने जुळत आलेला करार फिसकटेल. आता ठरवा.

गावकरी टेबलावर बसत नसत. ते फोनवर असत. बैठकीच्या खोलीला लागून काचेच्या दाराची एक चिंचोळी खोली होती. तिथून कोणीतरी गावकरी होऊन फोन करायचं. त्या दिवशी हे काम करणारा संशोधक तापाने फणफणला, आणि शाळा सुटल्यावर आईची वाट बघत बसलेली टकळी आयतीच सापडली.

"तुझी जीभ तशीही रिकामी नसते," आई म्हणाली. "आज देशाच्या कामी आण."

"कुठल्या देशाच्या?"

"जो नाहीये त्याच्या."

"आणि तू कोण आहेस?"

"गृहमंत्री."

"म्हणजे घरात आहेस तीच!"

केंद्राचे प्रमुख सर हसले. उंच, वाकलेले, कायम गळ्याभोवती मफलर. त्यांनी नियम समजावला. खेळात जे बोललं ते खरं. आणि खेळ संपला की प्रत्येकाने परत यायचं. म्हणजे सर 'खेळ संपला' म्हणणार, मग एकेकाने आपलं खरं नाव सांगायचं आणि घरी गेल्यावर पहिलं काय करणार ते सांगायचं. "हे आम्ही कधीच चुकवत नाही," सर म्हणाले. "एकदा एक राजदूत गडबडीत तसेच निघून गेले. घरी जाऊन बायकोवर निर्बंध लादले त्यांनी!"

टकळी खो खो हसली. सर हसले नाहीत.

फोनच्या खोलीत ती अशी काही रंगात आली की विचारू नका. ती झाली बेकरीवाल्याची मुलगी. बेकरीच्या वरच्या खोलीत राहणारी. मागे लाकडी जिना, शेजारी खोकणाऱ्या एक म्हाताऱ्या काकू, खिडकीतून दिसणारा पूल आणि त्यावर उलटा फिरणारा पिवळा दिवा. कागदावर यातलं काहीच नव्हतं. तिच्या तोंडून ते आपोआप येत गेलं, आणि काचेपलीकडे बडी मंडळी कपाळाला आठ्या घालून ऐकत राहिली.

शेवटचा फोन आईने घेतला.

"बाई, पूल उघडा ना," टकळी म्हणाली. "काकूंना धाप लागलीय. नाण्यांसारखा वास येतोय सगळीकडे."

काचेतून तिला आई दिसत होती. आईचा चेहरा कोणा वेगळ्याच बाईचा होता.

"पूल उघडता येणार नाही. तुम्ही घरातच थांबा. दाराखिडक्यांच्या फटीत ओले कपडे लावा. कोणीतरी येईल तुम्हाला घ्यायला."

"कधी?"

"येईल," आई म्हणाली, आणि फोन ठेवला.

करार टिकला. टाळ्या झाल्या, त्या टकळीला काचेतून नुसत्या दिसल्या. मग पाहुण्यांची गाडी लवकर आली म्हणून एकच घाई उडाली. सरांनी उभ्याउभ्याच खेळ संपवला, एकेकजण नाव सांगत, घरी जाऊन मोजे काढणार, चहा टाकणार, झोपणार असं सांगत हसत बाहेर पडला. टकळी आत बसून फोनची वायर बोटाला गुंडाळत होती. आईने दार ढकललं. "चल, पळ, पाऊण तास उशीर झालाय," म्हणाली, आणि दोघी पळाल्या.

त्या संध्याकाळी टकळीच्या नाकातून तो वास जाईना.

सकाळी आई ओरडली, "अगं, हे काय करून ठेवलंस?" टकळीच्या खोलीच्या दाराखाली ओले टॉवेल ठासून भरले होते. खिडकीच्या फटीत तिचे शाळेचे मोजे, तेही ओले. टकळीला काही आठवत नव्हतं. हातांना मात्र सुरकुत्या पडल्या होत्या, रात्रभर पाण्यात असल्यासारख्या.

शाळेत हजेरीला ती गप्प राहिली. बाईंनी तिचं नाव दोनदा घेतलं, शेवटी मैत्रिणीने कोपर मारलं. शाळा सुटल्यावर ती घरच्या रस्त्याला न वळता गोदामांच्या गल्लीत शिरली आणि गल्ली संपते तिथे, भिंतीकडे तोंड करून उभी राहिली.

"काय गं, वेडबिड लागलं का?" मैत्रीण धापा टाकत मागून आली.

"बंद आहे ना," टकळी म्हणाली. "उघडेपर्यंत थांबावं लागेल."

त्या आठवड्यात घर शांत होत गेलं. आधी आईला ते बरंच वाटलं, कारण टकळीच्या तोंडाचा पट्टा म्हणजे घरातला रेडिओच होता. मग तिला ते खुपायला लागलं. मांजर टकळीच्या मांडीवर येईना. लांबून तिच्याकडे बघायचं आणि पाठ उंचावायचं.

एका संध्याकाळी आई पोळ्या लाटत होती. टकळी दारात उभी होती.

"काकू काल खोकत होत्या," टकळी म्हणाली. "आज नाही खोकत."

"कुठल्या काकू?"

"शेजारच्या. मी भिंतीला कान लावून बघितलं."

आईचं लाटणं थांबलं. तिने गॅस बंद केला.

"तू परत आलीच नाहीस," ती म्हणाली. "मी तुला परत आणलंच नाही."

शनिवारी दुपारी केंद्र रिकामं होतं. सरांना आईने फोनवर सगळं सांगितलं होतं. ते म्हणाले होते, मनाचे खेळ असतात, वय अडनिडं असतं. पण आले. मफलर नीट केला आणि म्हणाले, "करायचं तर रीतसर करू. जिथे राहिलं तिथूनच. ही फोनच्या खोलीत बसेल, तू टेबलावरून फोन लाव."

टकळीने काचेच्या दाराकडे पाहिलं. "मी आत नाही जाणार," ती म्हणाली. "आई, नको ना. मला तुझ्याजवळच बसू दे."

"बस. बस माझ्याजवळ." आईने तिला शेजारच्या खुर्चीवर बसवलं, तिचा हात हातात घेतला. "फोन नुसता रीत म्हणून लावते. रिकाम्या खोलीत वाजू दे. मग सर म्हणतील, आणि तू नाव सांग. झालं. मग घरी जाऊ."

तिने नंबर फिरवला. काचेपलीकडे फोन वाजायला लागला.

वाजत राहिला.

मग कोणीतरी उचलला.

"हॅलो? आई? किती वेळ लावलास गं! बसून बसून पाय बधिर झाले माझे. आणि इथे एक बिस्कीटसुद्धा ठेवत नाहीत, कसलं मेलं तुमचं केंद्र! ऐकतेयस ना? हॅलो?"

आवाज स्पीकरवर होता. खोलीभर झाला.

आईने काचेकडे बघितलं नाही. टकळीकडेही नाही. तिचा टकळीच्या हातावरचा हात हळूहळू सैल झाला.

सरांचे ओठ पांढरे पडले होते. पण वर्षानुवर्षांची सवय. ते म्हणाले, "खेळ संपला. नाव सांग. आणि घरी जाऊन पहिलं काय करणार, ते."

आवाजाने नाव सांगितलं. पूर्ण, बाबांच्या नावासकट, आडनावापर्यंत. "आणि घरी जाऊन दप्तर फेकणार, मांजराला उचलून घेणार, आणि ते बोचकारेपर्यंत सोडणार नाही!"

आई रडत रडत हसली.

हेच तर मी सांगणार होते, टकळीच्या मनात आलं. अगदी हेच.

सर तिच्याकडे वळले. "आणि तू?"

तिने तोंड उघडलं. नाव जिभेवर होतं, आत्ता होतं. तिने शोधलं. तिथे जिना होता, पिठाचा वास होता, खिडकीत फिरणारा पिवळा दिवा होता.

"टॉवेल पुन्हा ओले करणार," ती म्हणाली. "वाळतात लवकर."



आई उठली. काचेच्या दाराशी गेली. दार उघडलं, आत हात लांबवला. आणि कोणाचा तरी हात धरून बाहेर आली. त्या मुलीच्या तोंडाचा पट्टा सुरूच होता. टकळीने तिच्याकडे बघितलं नाही. तिला बघवेना.

"आई," ती म्हणाली.

आई थबकली. वळली. वाट चुकलेल्या परक्या माणसाकडे बघावं तसं तिने बघितलं. मायेने. थोडं घाईत.

"तुम्ही इथेच बसा हं," ती म्हणाली. "कोणीतरी येईल तुम्हाला घ्यायला."

बोळातून हसण्याचा आवाज लांब गेला. खाली फाटक वाजलं.

सर एकटेच राहिले. त्यांनी फळा पुसला. स्पीकर बंद केला. पडदे ओढले. मग जाताजाता, रोजच्यासारख्या, सगळ्या खुर्च्या एकेक करून टेबलाखाली सरकवल्या.

तिचीही.