हाडांसाठी काढलेला रस्ता

ही गोष्ट खरी आहे. वेल्ह्याच्या वर डोंगरात एक धनगरवाडा आहे, तिथं गेल्या मार्चमध्ये घडलेली. आणि रात्री नाही, भर दुपारी.

तिथल्या रायबाची बायको भामाबाई आदल्या दिवाळीत साप चावून गेली. वाड्यावर रस्ता नव्हता. चौघांनी तिला घोंगडीच्या झोळीत घालून खाली नेलं. हिरड्याच्या वळणावर तिनं मान टाकली.

पण ती घर सोडून गेली नव्हती.

दुपारी रायबा एकटा बसला, की चुलीपाशी बांगड्या वाजायच्या...

तो कधी घाबरला नाही. तेवढ्या आवाजावरच तो जगत होता.

मार्चमध्ये त्यानं शेळ्यांच्या गोठ्यासाठी पाया खणला. खाली मातीचे जुने रांजण निघाले. आत माणसांची हाडं.

मग पुरातत्त्व खात्याचे साहेबलोक आले. हाडं न हिंदकळता न्यायची होती, म्हणून जेसीबी लावून आठ दिवसांत रस्ता निघाला.

आठ दिवसांत!

“रायबा, तुझ्या पावण्यांनी रस्ता आणला बघ!” शेजारचा गेनबा हसला.

रायबाच्या अंगाचा तिळपापड झाला.

खोदकामावरच्या शुभांगी मॅडम समजावत होत्या, “मामा, ही तीन हजार वर्षांपूर्वीची वस्ती असावी. हा मोठा रांजण त्यांच्या प्रमुखाचा. त्याचे पाय शाबूत आहेत. बाकीच्यांचे घोट्यापासून तोडलेत. मेलेलं माणूस घर सोडून जाऊ नये म्हणून असेल.”

“म्हंजे राजाचे पाय धड आन् रयतेचे तोडलेले. आज काय येगळं हाय?” रायबा ओरडला. “माजी बायकू जित्ती व्हती तवा कुठं व्हता तुमचा रस्ता?”

मॅडमनी हाडांच्या पेटीचं झाकण लावलं.

दुपारी पेट्या भरून टेम्पो गेला. वारा पडला. शेळ्यांनी रवंथ थांबवला.

फर्र... फर्र...

रस्त्यावर कुणी नव्हतं. पण टेम्पोच्या चाकोऱ्यांमधून धुळीत दोन फरपटलेल्या रेघा उमटत खाली चालल्या होत्या.

पाऊल एकही नाही.

तेवढ्यात मागं घरात बांगड्या वाजल्या. मग अंगणात. मग अगदी त्याच्या खांद्याजवळून...

“भामा! तू नगं जाऊस!”

बांगड्या थांबल्या नाहीत.

तो धावला. हिरड्याच्या वळणावर रेघा संपल्या होत्या. पुढं फक्त एका बाईची अनवाणी पावलं. उजव्या पायाची करंगळी दुमडलेली. भामाबाईचीच.

टाचा मात्र खोल रुतलेल्या...

पाठीवर कुणाला तरी घेतल्यासारख्या.

“आगं, तुला कुणी येळेवर न्हेलं न्हाई!” घसा बसेस्तोवर तो ओरडत राहिला. “तू कुणाला न्हेतीयास? कुणासाठी?”

पावलं परत आली नाहीत. त्या दिवसापासून घर मुकं आहे.

आता रोज दुपारी रायबा वळणावर काठी आडवी धरून उभा राहतो. वर येणारी प्रत्येक गाडी अडवतो. “खाली एक बाई दिसली का? पाठीवर कुणाला तरी घेतल्याली?”

लोक हसतात. वेडा म्हणतात.

गेल्या आठवड्यात एक टेम्पोवाला हसला नाही.

त्यानं रायबाकडं पाहिलं. “दिसली,” एवढंच पुटपुटून काच वर केली...

आणि तिथूनच टेम्पो मागं वळवला.