सकाळचं मौन

“आवो, व्यसनमुक्तीचा कोर्स हितंच हाय का?”

मागून आवाज आला आणि माझं बोट दाढेपाशीच थांबलं.

सांगलीतल्या त्या संस्थेच्या मागच्या नळावर सकाळी कुणी येत नाही, म्हणूनच तर मी तिथं उभी होते. तोंडात मिश्री. तव्यावर काळी होईपर्यंत भाजलेली, कुटून चाळलेली तंबाखू. आमच्या कुंडलमध्ये कितीतरी बायका हिनंच दात घासतात, आणि दात घासायला अर्धा तास लागतो यात कुणाला काही वावगं वाटत नाही. मी पण दातच घासत होते. व्यसन म्हणजे दारू, गुटखा, पत्ते… पुरुषांचं काम! व्यसनमुक्ती समुपदेशकाच्या निवासी सर्टिफिकेट कोर्सला मी मिश्री लावून, चूळ भरून, अगदी निर्मळ मनानं बसणार होते.

वळून बघितलं. उंच, सावळा, पाठीला सॅक, केसांवर भुरभुर पावसाचे थेंब, आणि नाक लाल. सर्दीनं.

तोंड उघडलं असतं तर काळा ओघळ थेट ओढणीवर आला असता. मी ओठ घट्ट मिटून जिन्याकडं बोट केलं. नेमकं काळंच बोट! ते लपवलं, दुसऱ्या हाताचं केलं.

त्यानं एकदम हात जोडले. “मौन हाय व्हय तुमचं? माफ करा हं… मला काय म्हाईत.”

मी मान डोलावली. दुसरं काय करणार?

तासाभरानं वर्गात कळलं, त्याचं नाव वीरधवल. उंब्रजचा. एवढं तलवारीसारखं नाव, आणि भरतीत तळपाय सपाट निघाले म्हणून घरी पाठवलेलं. काका फौजेत. काका सुट्टीवर आले की दारात पाहुण्यांची रांग लागायची, काकांना भेटायला कमी आणि कँटीनच्या बाटलीला भेटायला जास्त. “त्या रांगेचं काय तरी करावं म्हणून आलो,” असं त्यानं ओळख करून देताना सांगितलं. आणि पुढं, कुणी न विचारता, माझ्या ओळखीतही भर घातली, “ह्या राजेश्वरी. रोज सकाळी मौन पाळतात.”

शिकवायला गुणमाला मॅडम होत्या. धर्मानं जैन, मौनाची किंमत जाणणाऱ्या. त्यांनी साऱ्या वर्गाला माझ्यासाठी टाळ्या वाजवायला लावल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी नळावर, आणि हा बादली पालथी घालून शेजारी बसलेला.

“तुमच्यासंगं मी पण पाळतो मौन,” म्हणाला. आणि पाळलं! मला थुंकता येईना, गिळता येईना. डोळ्यांत पाणी आलं. त्याला वाटलं, साधनेनं आलं.

असं रोज व्हायला लागलं. त्याचं मौन दोनच दिवस टिकलं, मग तो बोलायला लागला. भरतीबद्दल, म्हशीच्या रेडकाबद्दल, अंधाराची अजून भीती वाटते त्याबद्दल. मी नुसती हुंकार देत बसायची. त्याचं नाक बारमाही चोंदलेलं, त्यामुळं वासाचा प्रश्नच नव्हता.

“तुमच्याशी बोललं की लय हलकं वाटतं,” एका सकाळी तो म्हणाला. “गप बसून ऐकणारं मानूस मला आजवर भेटलंच न्हाई.”

मी खाली बघून लाजले. लाजताना तोंड उघडावं लागत नाही, तेवढी सोय.

पण आत कुठंतरी टोचलं. मी काही गप बसणारी नव्हते हो! घरी मला टकळी म्हणतात. त्याला आवडत होती ती राजेश्वरी नव्हतीच. ती माझ्या तोंडातली तंबाखू होती.

शेवटी प्रॅक्टिकलचा दिवस आला. सर्टिफिकेट मिळालं की गावाजवळच्या केंद्रात नोकरी पक्की. नाही मिळालं तर मला बघायला येणारे पाहुणे घरच्यांनी तयारच ठेवले होते. पुण्याहून आलेले परीक्षक सुपारी चघळत खुर्चीत बसले. समोर पलूसच्या रंगूबाई. मिश्रीनं हिरड्या गेलेल्या, डॉक्टरांनी पाठवलेल्या.

माझ्या आधी तिघांनी पुस्तकातलं सारं सांगून बघितलं. रंगूबाईंचं प्रत्येकाला एकच उत्तर. “तुमी कवा लावलीया का मिश्री? मंग तुमाला काय कळतंय?” तिघंही वही मिटून जागेवर.

माझी पाळी आली. कोपऱ्यात वीरधवल वही घेऊन बसला होता, माझ्याकडं देवळातल्या मूर्तीकडं बघावं तसं बघत.

“तू तरी लावलीयास का गं?” रंगूबाईंनी विचारलं.

नाही म्हणायला काय जात होतं? मी तोंड उघडलं आणि…

“व्हय मावशी. आज सकाळीबी लावलीया. नळावर.”

वीरधवलच्या हातातलं पेन खाली पडलं. परीक्षकांनी सुपारी गिळली.

“तर!” रंगूबाई पुढं सरकल्या. “मंग सकाळी न्हाई लावली तर डोकं धरतं का न्हाई?”

“धरतं की! कुणावर बी वसकन जायला व्हतं!”

पाऊण तास आम्ही दोघी बोललो. रंगूबाई स्वतःहून म्हणाल्या, तू सोडलीस तर मी पण बघते सोडून.

परीक्षक म्हणाले, समुपदेशन उत्तम. सर्टिफिकेट मात्र नाही. आधी स्वतःचं व्यसन सोडा, पुढच्या परीक्षेला बसा.

गुणमाला मॅडमनी माझी केस वीरधवलला दिली. तो कोर्स पास झाला होता, मी त्याची पहिली क्लायंट. त्यानं वर न बघताच सांगितलं, “सकाळी तलप आली की फोन करायचा.”

मी कुंडलहून फोन करायला लागले. पहिल्या दिवशी वसकन अंगावरच गेले. मग बोलत गेले. शेजारणीची भांडणं, भावाचं कुत्रं, स्वप्नात दिसलेली मिश्रीची डबी… तिकडून नुसतं “हं… मग?”

“तुमी मौन धरलंय का?” मी एकदा चिडून विचारलं.

“न्हाई. सर्दी हाय,” म्हणाला. पण हसला. ते हसू मला दिवसभर पुरलं.

आणि एका सकाळी… “उद्यापासनं तुमची केस गुणमाला मॅडम बघतील. मला फोन करू नका.”

“का?”

फोन बंद.

का म्हणजे काय, कंटाळला असणार! कोण ऐकेल रोज एवढी बडबड? मी डबी काढली, झाकण उघडलं. तो भाजका वास… बोट आत जाणार तेवढ्यात झाकण लावलं आणि मॅडमना फोन लावला. मिश्रीबद्दल एक अक्षर बोलले नाही. वीरधवल कसा खडूस, कसा बेभरवशाचा, एवढंच सांगितलं. मॅडम सारखं “बरं, पुढं?” म्हणत होत्या. आणि मला वाटलं, त्या हसतायत.

पुढच्या परीक्षेला सांगलीला गेले ते मिश्री सुटलेली आणि मन मात्र अजून त्या बंद झालेल्या फोनपाशीच अडकलेलं, अशी. तेच परीक्षक. तोंडात सुपारी नव्हती.

“समुपदेशक आपली केस दुसऱ्याकडे कधी सोपवतो?”

पाठच होतं. “एक, केस आवाक्याबाहेरची असेल तर. दोन, समुपदेशकाची बदली झाली किंवा तो आजारी पडला तर. आन तीन… समुपदेशकाचं मन क्लायंटमधे…”

मी थांबले.

“क्लायंटमधे काय?” परीक्षक.

“…गुंतलं तर.”

“बरोबर. पास. अहो, सही करायची राहिलीय! कुठं निघालात?”

बाहेर बाकावर वीरधवल बसला होता. आज माझी परीक्षा आहे हे त्याला मॅडमनीच कळवलं असणार. मला बघून उभा राहिला, परत बसला, परत उभा राहिला.

“एक, का दोन, का तीन?” मी दारातूनच विचारलं.

त्याला लगेच कळलं. कान लाल झाले. “बदली तर झाली न्हाई माझी.”

“मग माझी केस आवाक्याबाहेरची?”

“ती तर हायच.” त्यानं खिशातल्या रुमालाशी उगाच चाळा केला. “पण… तीन.”

“मग तवाच सांगायचं हुतं की!”

“माझी क्लायंट असताना? आन उद्या म्हणली असतीस, मिश्री सोडवायला गेले आन ह्यानं डाव साधला.” पहिल्यांदाच तो मला ‘तू’ म्हणाला होता. त्याला कळलंच नाही. मला कळलं.

“पण तुला तर गप बसणारी आवडती,” मी म्हटलं.

“आवडायची…” तो म्हणाला. “मग तुझा फोन यायला लागला.”

मी त्याच्या शेजारी बसले, आणि फोन बंद झालेल्या त्या सकाळपासून साठलेलं सगळं सांगायला लागले. स्टँडवर माझी कुंडलची एसटी लागली असेल, सुटली असेल. त्यानं एकदासुद्धा घड्याळ बघितलं नाही.