उठवलेल्याला जागा

दिवेलागणीला खेळायला बसायचं, हा आमच्या घरचा रविवारचा नेम. निकेशने, माझ्या नवऱ्याने, त्यासाठी एक पट ऑनलाइन मागवला होता. जुन्या काळातले युरोपातले व्यापारी, त्यांची गावं, गावांना जोडणारे रस्ते. रस्ताभर आपल्या सोंगट्या लागल्या की टोकाच्या गावात दुकान मांडायचं. मध्ये दुसऱ्याची सोंगटी आली तर ती उठवता येते, मात्र उठवलेल्याला दुसऱ्या रस्त्यावर जागा द्यायची आणि वर एक सोंगटी जास्तीची.

हा नियम माझ्या सासूबाईंना, भामाआईंना, एका दमात कळला. "आपल्याला उठवला तवा असा नियम नवता," एवढंच त्या म्हणाल्या. आमचं गाव प्रकल्पात गेलं, मिठागरं गेली, आणि खांदा कॉलनीतला हा फ्लॅट तयार होईपर्यंत सासरे, काशीराम, भाड्याच्या खोलीतच वारले. दहाव्याला कावळा शिवेना. शेवटी "बाबा, तुमाला नव्या घरी नेतो," असं निकेश म्हणाला, तेव्हा शिवला. तरी आईंच्या जिवाला घोर होताच. "त्याना ह्यो घर कुठं म्हाईत हाय?" म्हणत त्या रोज दाराकडे बघत बसायच्या.

पटावरच्या गावांची नावं जिभेला वळेनात, म्हणून आईंनी त्यांचं नव्याने बारसं केलं होतं. पेण, उरण, कर्नाळा. कोपऱ्यातल्या गावाला त्या 'आपला घर' म्हणायच्या.

त्या रविवारी मी जिंकतच आले होते. हरायला मला मुळीच आवडत नाही, नवऱ्याशी तर नाहीच. 'आपला घर'कडे जाणाऱ्या रस्त्यावर एकच जागा भरायची राहिली होती, आणि तिथे एक पांढरी सोंगटी उभी होती. पांढऱ्या आमच्यात कोणीच घेत नाही. त्या पेटीतच असतात.

"निकेश, रडीचा डाव खेळू नकोस," म्हणत मी ती पेटीत टाकली.

"मी नाय ठेवली."

"रंजिता," आई हळूच म्हणाल्या, "उठवलीस तर जागा दे तिला."

मी हसले आणि देवापाशी दिवा लावायला उठले. परत आले तर त्या रस्त्यावर दोन पांढऱ्या होत्या, आणि माझी एक लाल बाजूला काढलेली. निकेशचा चेहरा उतरला होता. मी एक पांढरी उचलली. ती खालून ओली होती. बोटांना मिठागरातल्या चिखलाचा वास आला.

"आई... तुम्ही ठेवल्यात?"

"माजा हात पोचतो काय तिथवर?"

"मी कबूल केलेला..." निकेश पुटपुटला. "कावल्यासमोर. नंतर इसरलोच."

मला भीती वाटत होती, खोटं कशाला बोलू? पण आईंच्या डोळ्यांत पाणी पाहिलं आणि मी जिंकायचा नाद सोडला. माझ्या लाल सोंगट्या मी एकेक करून उचलल्या आणि पट आईंकडे सरकवला. आईंनी तिथे पांढऱ्या लावल्या आणि कोपऱ्यातल्या गावात दुकान मांडलं.

बाथरूममध्ये पाणी ओतल्याचा आवाज आला. तांब्याभर... मग थांबून, पुन्हा तांब्याभर. मिठागरावरून आल्यावर सासरे असेच पाय धुवायचे.

"आले," आई म्हणाल्या, आणि चहाला आणखी एक कप पाणी टाकायला उठल्या.

त्या दिवसापासून त्या दाराकडे बघत नाहीत. पोटभर जेवतात, मालिका बघतात, माझ्या आमटीला नावं ठेवतात. घरात खरंच सुख आहे. बाथरूमची फरशी संध्याकाळी ओली असते, ती मी न बोलता पुसते.

गेल्या रविवारी पट मांडला, सवयीने माझी पहिली लाल सोंगटी 'आपला घर'च्या रस्त्यावर ठेवली आणि चहा आणायला गेले. परत आले तर जवळजवळ सगळे रस्ते पांढरे झाले होते. पेटीत एवढ्या पांढऱ्या नव्हत्याच.

"आपल्या गावची मानसं हायत," आई समाधानाने म्हणाल्या. "ह्यानी आनली. त्याना तरी कुनी जागा दिली?"

बाथरूममध्ये पाणी वाजू लागलं... ते थांबेचना.

मी माझी लाल सोंगटी शोधली. कोणीतरी ती उचलून पटाच्या पार पलीकडच्या टोकाला, एकुलत्या रिकाम्या रस्त्यावर, नीट ठेवली होती. नियमाप्रमाणे शेजारी एक जास्तीचीही होती.